भरतीला एक, ओहोटीला एक

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास बेल्टवरून एका रिकाम्या खणाची पट्टी आली आणि मी ती तशीच पुढे जाऊ दिली. शेजारच्या दीपाने हात लांब करून ती उचलली, लाल ट्रेमध्ये टाकली आणि म्हणाली, "काय गं जागृती, कुठे तंद्री लागली?" तारापूरच्या या औषधांच्या कारखान्यात सहा वर्षं मी हेच करते. गोळ्यांच्या पट्ट्या डोळ्यांखालून घालायच्या, कुठे टवका उडालेली गोळी, कुठे काळा ठिपका, कुठे रिकामा खण, तेवढ्या बाजूला काढायच्या. पाळी सुटेपर्यंत डोळे इतके जळजळतात की घरी चपात्या लाटताना त्यांच्यावरचे डागसुद्धा मला बाजूला काढावेसे वाटतात. एक पट्टी निसटली म्हणून काही आभाळ कोसळत नाही. पण मला मास्कच्या आत घाम फुटला. त्या रिकाम्या खणाकडे बघताना माझ्या कानात एक वाक्य वाजलं होतं. शनिवारचं, एकनाथच्या तोंडचं. 'भरतीला एक, ओहोटीला एक.' शनिवारी ते ऐकून मी हसले होते. मी हसले होते, हे मला आत्ता, तीन दिवसांनी आठवलं.

शनिवारी मी नेहमीप्रमाणे सालवडच्या मेडिकलमध्ये गेले होते. दुकान मितेशभाईंचं, पण भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेलं सर्टिफिकेट माझं. त्यावर फोटो आहे. चोवीस वर्षांची मी, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि साऱ्या जगाला शहाणं करायला निघाल्यासारखा चेहरा. कायदा म्हणतो की फार्मसी शिकलेलं माणूस दुकानात हजर असल्याशिवाय औषध द्यायचं नाही. मी हजर असते. कागदावर. दर शनिवारी पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसमधून उतरायचं, काउंटरच्या मागे स्टुलावर बसायचं आणि आठवड्याच्या बिलांवर सह्या ठोकायच्या. सोमवारची सही, मंगळवारची सही, जशी काही मी रोज तिथेच उभी होते. एकनाथ चहा सांगतो. एकनाथ दहावी नापास, डोंगराकडच्या गावातला, पण बावीस वर्षं काउंटरला आहे आणि डॉक्टरांचं कसलंही अक्षर त्याला लागतं. माझ्यापेक्षा जास्त औषधं त्याला तोंडपाठ आहेत. हे आधीच सांगून ठेवते, उगाच त्याच्यावर खापर फोडतेय असं व्हायला नको. तर शनिवारी मी सह्या करत होते, पाठ काउंटरकडे, आणि कुणी म्हातारी आली. नवापूरची असावी, बोलण्यावरून वाटलं. "डाक्टरानं गोळी बदलली रं," ती म्हणाली. एकनाथने कागद बघितला, पट्टी काढली. "जेवनाआधी घ्यायची, आजी. भरतीला एक, ओहोटीला एक." "ठावं हाय मला," म्हातारी म्हणाली आणि गेली. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. मनात म्हटलं, बघा, माझं वाक्य अजून चालतंय! एकनाथने तिच्या बिलाची प्रत माझ्यापुढे सरकवली, मी औषधाचं नाव वाचलं, आणि खाली सही केली. वाचलं आणि सही केली, हेच मला गिळता येत नाही.

वाक्य माझंच. आठ वर्षांपूर्वी मी त्या काउंटरला खरोखर उभी राहत होते तेव्हाचं. एका दुपारी काशिनाथ तामोरे नावाचे एक बोटीवाले आले होते, तळहातात शिंगाळा माशाचा काटा घुसून हात मनगटापर्यंत टम्म सुजलेला, पिकलेला. डॉक्टरांनी लिहिलेली कॅप्सूल दिवसातून चार वेळा होती, दर सहा तासांनी, एकही न चुकवता. मी सांगितलं तसे ते हसले. "बाय, आमी दर्यात असतो. थय घड्याल कोन बघतं?" मी एडवणची. माझा बाप जन्मभर बोटीवर तांडेल, बोट हाकणारा मुख्य खलाशी. घड्याळ आमच्या घरात पाहुण्यांना दाखवायला होतं. समुद्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा उतरतो, साधारण सहा सहा तासांनी. मी म्हटलं, "काका, भरती लागली की एक, ओहोटी लागली की एक. एक पण चुकवायची नाय." त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की जणू या सगळ्या बाटल्या-डब्यांच्या जगात पहिल्यांदाच कुणी त्यांच्याशी माणसासारखं बोललं होतं. दहा दिवसांनी तोच हात उघडून दाखवायला आले, सोबत सुक्या बोंबलांची जुडी. दुकानभर वास सुटला आणि मितेशभाई, बिचारे जैन, बाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले. त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. एकनाथ शेजारीच उभा होता, सगळं ऐकत. मच्छीवाल्यांशी असं बोलायचं असतं, हे त्याने टिपून घेतलं. पण एकनाथच्या गावात पाणी म्हणजे विहीर आणि पावसाळ्यातला ओहोळ. चार वेळांच्या औषधासाठी ते वाक्य होतं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याला काय समजलं, हे मी कधी विचारलं नाही. दोन वर्षांनी मी दुकान सोडलं, आणि वाक्य तिथेच राहिलं.

बेल्ट चालूच होता. हातमोज्यातल्या हाताची बोटं मी मांडीवर दाबून मोजू लागले. बापाने लहानपणी शिकवलेला हिशेब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज अष्टमी, म्हणजे सहाला भरती. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. शनिवारी पंचमी होती. म्हातारीने शनिवारी रात्रीच्या ओहोटीपासून धरलं असेल तर रविवारी चार, काल चार, आज पहाटे एक. आणि गोळी साखरेची, मधुमेहाची. तीसुद्धा जोरदार, रक्तातली साखर खेचून खाली आणणारी. डॉक्टरांनी लिहिलेली सकाळ-संध्याकाळ, जेवणाच्या आधी. आणि ही पहाटे साडेचारला अंधारात उठून, पोटात अन्नाचा कण नसताना, भरती लागली म्हणून घेत असणार. साखर फार उतरली की आधी घाम, मग थरथर, मग माणूस असंबद्ध बोलतं, मग झोपतं, आणि घरची माणसं म्हणतात, झोपू द्या म्हातारीला. हे सगळं मला कॉलेजात तोंडी परीक्षेत विचारलं होतं आणि मी न अडखळता सांगितलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम 'व्हेरी गुड' म्हणाल्या होत्या. मी दीपाला म्हटलं, "मला जायला हवं." ती म्हणाली, "पाळी सुटायला अजून किती वेळ आहे, वेडी झालीस का?" सुपरवायझरला काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही, बहुतेक आई आजारी आहे असं सांगितलं. माझी आई जाऊन चार वर्षं झाली.

लॉकरमधून मोबाइल काढून मी एकनाथला फोन लावला. "एकनाथ, समुद्राला भरती दिवसातून किती वेळा येते?"

"काय मॅडम, सकाळी सकाळी कोडं घालता? एकदा येते नि एकदा जाते."

"दोनदा येते. दोनदा जाते."

पलीकडे कुणी खोकल्याचं औषध मागत होतं. एकनाथने त्याला 'थांबा हो' म्हटलं. मग "म्हंजी चार?" तो म्हणाला.

"चार."

"आईच्यान मॅडम, मला नाय ठावं. मला वाटलं दोनदाचं हाय म्हून... मी तर सगल्यांना तसंच..."

"सगळ्यांचं नंतर बघू. शनिवारची म्हातारी, साखरेची गोळी. नाव बघ, फोन नंबर बघ."

कागद चाळल्याचा आवाज आला. "नंबर नाय लिवला. जमना तामोरे, नवापूर." मी मनाशी म्हटलं, निम्मं नवापूर तामोरे आहे, उगाच काही डोक्यात घ्यायला नको. "मॅडम," एकनाथचा आवाज चिरकला, "मरंल का हो ती?" मी फोन ठेवला. कँटीनच्या टेबलावरून साखरेच्या पुड्या मूठ भरून पर्समध्ये कोंबल्या आणि गेटबाहेर पडले.

नाक्यावर रिक्षात बसते न बसते तोच मितेशभाईंचा फोन. एकनाथने सांगितलं असणार. "मॅडम, तुम्ही कशाला जाता? मी माणूस पाठवतो ना." मी म्हटलं, माणूस जाऊन काय करणार, त्याला काय कळतं? "अहो पण तुम्ही गेलात तर ते विचारणार, तुम्ही कोण. काय सांगाल? त्या दिवशी तुम्ही दुकानात होतात, तुमची सही आहे. सगळं तुमच्या अंगावर येईल. माझं दुकान बंद होईल ते वेगळं, पण तुमचं रजिस्ट्रेशन गेलं तर परत मिळत नाही, मॅडम. मी तुमच्या भल्याचं सांगतोय." खरंच माझ्या भल्याचं सांगत होते. माझ्या बाळंतपणात दुकानाचं शटर अर्धं ओढून मला आत झोपायला जागा करून देणारा माणूस तो. पायाच्या शिरा फुगल्या, दहा दहा तास उभं राहवेना, म्हणून मी दुकान सोडायचं म्हटलं तेव्हा त्यांनीच म्हटलं, नुसतं सर्टिफिकेट राहू द्या, शनिवारी येत जा. मी हो म्हटलं. सगळेच करतात. माझ्या वर्गातल्या प्रियंकाचं सर्टिफिकेट पालघरला आहे आणि ती स्वतः सुरतेला. मला तेव्हा फार थकवा आला होता. थकलेलं माणूस ज्याला हो म्हणतं, ते मग वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं. "मॅडम, ऐकताय ना?" मितेशभाई विचारत होते. मी ऐकत होते. मला त्यांचं पटतही होतं, हेच भयंकर. रिक्षावाल्याला 'भैया, वापस ले लो' म्हणायला एवढंसं बळ लागलं असतं. मी म्हटलं नाही, एवढंच. त्यात काही शौर्य नव्हतं. रिक्षा आपली चालली होती आणि मी बसून होते. कारखान्यांच्या भिंती संपल्या, तो नेहमीचा नाकात बसणारा आंबूस वास मागे पडला, आणि बांबूच्या वलांड्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला. माझ्या बापाच्या अंगाला हाच वास यायचा आणि कॉलेजात असताना मी त्याला स्टँडवर मला सोडायला येऊ देत नसे. कुठल्या कुठे मन जातं. मी पर्समध्ये हात घालून साखरेच्या पुड्या चाचपल्या आणि रिक्षावाल्याला म्हटलं, जरा दामटा हो.

नवापुरात तामोऱ्यांची जमना म्हटल्यावर पोरांनी थेट ओटीपर्यंत आणून सोडलं. ओटीवर एक बाई जवळा निवडत बसली होती, तिने आपलं नाव हिरा सांगितलं, जमनाबाईंची सून. "सासूबाय? निजलीय. सकालपासून काय बी बरलते. काल बी असंच. म्हातारपन, ताई, काय करनार." मी चपला न काढता आत घुसले. आत खाटेवर म्हातारी कुशीवर पडली होती, लुगडं घामाने अंगाला चिकटलेलं, ओठ पांढरेफटक, हाताची बोटं थरथरत होती. वरती भिंतीवर हार घातलेला फोटो. काशिनाथ तामोरे. तोच मोठा हात गुडघ्यावर ठेवून बसलेले, बरा झालेला हात. मी हिराला ओरडून पाणी मागितलं, ग्लासात पुड्या फाडफाडून टाकल्या, म्हातारीला टेकवून बसवलं. "मावशी, गिळा. गिळा म्हणते ना!" तिने डोळे उघडले पण ते माझ्यावर नव्हते. "तानी आली?" मला दुसरीच कुणी समजून ती म्हणाली, "तानी, जाली काढ गो." एक घोट आत गेला, दुसरा हनुवटीवरून ओघळला, तिसरा गेला. देवा, मी म्हटलं, हिला जाऊ देऊ नकोस, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. असं मी म्हटलं आणि त्या क्षणी ते अगदी खरं होतं. अर्धा ग्लास गेला. दुसरा केला. हिरा दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिला म्हटलं रिक्षा बोलाव, बोईसरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं आहे, या गोळीचा जोर एकदा उतरला तरी परत उठतो, दिवसभर डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायला लागेल. ती पळाली. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. म्हातारीच्या कपाळावरचा घाम मी पदराने पुसत होते आणि मग पदर नाही, ओढणी आहे, हे मला कळलं. तेवढं भान सुटलं होतं. हळूहळू तिची बोटं थांबली. डोळे फिरून माझ्या तोंडावर आले, तिथेच राहिले, आणि ती चक्क हसली.

"दुकानातली बाय ना तू? एडवनची?"

"तुम्ही मला ओळखता?"

"फोटू हाय ना तुझा थय. यांचा हात तूच वाचवलास." तिने मान वर करून भिंतीकडे बघितलं. "रस्त्यात इतकी दुकानां हायेत, पन मी थयच जाते. आमच्याच मानसांतली पोर हाय, फोटूत बसलीय, वाईट नाय करायची. त्यो काउंटरवालापन तुझंच बोलतो. भरतीला एक, ओहोटीला एक. मी म्हनलं, जालं, बायनंच सांगितलंय." तिचा श्वास लागत होता. मी म्हटलं, बोलू नका मावशी. पण तिला सांगायचंच होतं. माझं मनगट धरून, शाळेतल्या पोरीने पाढा म्हणून दाखवावा तशी ती म्हणाली, "एक पन चुकवली नाय, बाय. रातची भरतीपन नाय. झोप येल म्हून पायरीव बसून र्‍हायले. पानी लागलं की उठले नि घेतली."

मला रडू आलं. इतक्या वर्षांत कुणी माझं इतकं ऐकलं नव्हतं. पोरं नाही, नवरा नाही, मी स्वतःसुद्धा नाही. मी म्हटलं, "मावशी, ती गोळी तशी घ्यायची नव्हती. दिवसातून दोनदाच होती. आमचं चुकलं." ती ऐकत होती की नाही कळेना. मितेशभाईंचा आवाज माझ्या कानात होता, काय सांगाल, तुम्ही कोण. मी म्हटलं, "मी त्या दुकानात बसत नाही, मावशी. सहा वर्षं झाली. मी कारखान्यात जाते. शनिवारी येऊन नुसत्या सह्या करते. तुम्ही आलात तेव्हा मी मागेच बसले होते, मी ऐकलं, आणि काही बोलले नाही."

जमनाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. राग नव्हता. बाजारात मापात काही जमत नसलं की माणूस जसं बघतं, तसं ती माझ्याकडे बघत राहिली.

"मंग फोटू कशाला लावलाय?" ती म्हणाली.

बाहेर रिक्षा आल्याचा आवाज झाला, हिरा कुणाला तरी हाक मारत होती. दारातून समुद्र दिसत होता, पाणी पार लांब उतरलेलं, बोटी चिखलात कलंडलेल्या. बारा वाजत आले होते. तेवढ्यात म्हातारीने दाराबाहेर बघितलं, पाणी बघितलं, आणि तिचा हात आपसूक उशीखाली गेला. पट्टी बाहेर आली. पंधरातल्या पाच राहिल्या होत्या. तिच्या अंगठ्याने खण दाबायच्या आत मी तिची मूठ माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरली, आणि तिला पायरी उतरवून रिक्षात बसवेपर्यंत सोडली नाही.